ओहोटीला उघडणारा रस्ता

पुराच्या गावाहून आलेल्या बाईनं ‘मजा आली’ असं म्हणू नये, हे मला कळतं. पण परत आल्यापासून दवाखान्यातल्या मुली, शेजारणी, धाकटी जाऊ, सगळ्या विचारतात, ‘कसं होतं हो तिकडं?’ आणि माझ्या तोंडून आधी तेच निघतं. सव्वीस वर्षं मी लातूरच्या बाजूला बाळंतपणं केली. पनवेलच्या बाजूला आठ दिवसांत काय पाहिलं ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला नको.

डोंगराकडून आलेल्या ओढ्यानं पायथ्याच्या दोन वाड्या धुऊन नेल्या होत्या. तिथली माणसं खाडीकाठच्या एका गावातल्या शाळेत आणून ठेवली होती. त्यांत गरोदर बायका होत्या, त्यांच्यासाठी इतर जिल्ह्यांतून परिचारिका हव्या होत्या. विचारल्याबरोबर मी हो म्हणाले. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं आणि टँकरवाल्याच्या मर्जीनं येतं. पाणी जास्त झालं म्हणून माणसं घर सोडतात, हे मला एकदा बघायचंच होतं.

“तुला पोहता येतं का?” यजमानांनी विचारलं.

“तुम्हाला येतं?”

“नाही.”

“मग विचारता कशाला?”

बॅगेत रक्तदाबाचं मशीन, लघवी तपासायच्या पट्ट्या, लोहाच्या गोळ्या, झटक्यांवरची इंजेक्शनं, एक जोड रबरी चपला आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेतला. एवढ्यावर माणूस कुठेही राहू शकतो.

नवीन पनवेल

पहिल्या दिवशी नलूकडे उतरले. नलू माझ्याबरोबर नर्सिंगला होती, आता नवीन पनवेलला सेक्टरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. मी पूर बघायच्या तयारीनं गेलेली, आणि तिच्या गल्लीत मुलं सायकली चालवत होती. इस्त्रीवाला इस्त्री करत होता.

“पूर कुठाय?” मी विचारलं.

“इथं नाही गं. इथं फक्त दूध उशिरा आलं दोन दिवस.” मग जरा ओशाळून म्हणाली, “पण टीव्हीवर बघितलं आम्ही.”

बसनं तासाभराच्या अंतरावर माणसं शाळेच्या फरशीवर झोपली होती, आणि इथे दूध उशिरा आलं होतं. मी नलूला दोष देत नाही. लातुरातही एका गल्लीत नळ असतो, दुसरीत नसतो.

रात्री तिनं तांदळाची भाकरी केली. आमची ज्वारीची भाकरी म्हणजे घरचं कर्तं माणूस. ही तांदळाची म्हणजे नवी सून, पांढरी, मऊ, हात लावायला भीती वाटावी अशी. चार खाल्ल्या.

शाळा, अमावस्या

सकाळी सरकारी जीप आली. ड्रायव्हर तरुण होता आणि फार घाईत होता. शहर संपलं तसे उजवीकडे डोंगर, त्यांच्या अंगावरून पांढऱ्या दोऱ्यांसारखे उतरणारे धबधबे. डावीकडे अर्धवट बांधलेले उंच टॉवर, त्यांच्या पायाशी खाडी आणि चिखलात उभी असलेली तिवरांची झाडं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. एवढा हिरवा रंग मी फक्त साडीच्या दुकानात पाहिला होता.

गव्हाणच्या अलीकडे जीप मोठा रस्ता सोडून खाली वळली. तिथून गावापर्यंत अर्धा किलोमीटर सखल रस्ता. दोन्ही बाजूंना काळा चिखल, रस्ताही ओला, आणि त्यावरून एक नांगी उंच धरून खेकडे पळत होते.

“मॅडम, उतरा पटकन,” ड्रायव्हर म्हणाला. “साडेदहाच्या आत मला पलीकडं जायचंय.”

दहा वाजले होते. मला वाटलं, नाश्त्याची घाई असेल. आमच्याकडचेही ड्रायव्हर असेच. त्याच्याकडे जरा रागानंच बघितलं. तासाभरानं शाळेच्या ओट्यावरून मागे पाहिलं तर रस्ता नव्हता. पाऊस पडत नव्हता, आभाळ मोकळं होतं, आणि जिथून आम्ही आलो तिथे कंबरभर पाणी चकाकत होतं.

“रस्ता कुठं गेला?” मी बाजूच्या बाईला विचारलं.

“भरतीत गेला. येईल मागारी,” ती म्हणाली. जणू रस्ता बाजारात गेला होता.

ती गुलाबबाय. पन्नाशीची, नाकात मोठी नथ, आवाज मासळीबाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचणारा. पनवेलला मासळी विकते, माहेर मोरा बंदरावरचं, सासर याच गावात. गावानं वाडीच्या माणसांच्या जेवणाचं तिच्याकडे सोपवलं होतं आणि माझ्या मुक्कामाचंही. तिनंच समजावलं. ओढ्याचं पाणी खाडीत जातं. पण भरती आली की खाडीच उलटी चढते, मग ओढ्याला जायला जागा नाही, ते सगळं रस्त्यावर पसरतं. ओहोटी लागली की रस्ता परत वर येतो. अमावस्या-पुनवेला पाणी सगळ्यात जोराचं, त्याला उधाण म्हणतात.

“आणि वेळ कशी कळते?”

“तिथीची पाऊनकी करायची. चौथ हाय तर चार पाऊन तीन. तीनला भरती भरनार.”

पाऊणकीचा, म्हणजे पाऊणपटीचा, पाढा मी चौथीत पाठ केला होता, छड्या खाऊन. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांनी त्याचा उपयोग कळला. त्या आनंदात मी सगळ्या तिथींच्या भरत्या काढून वहीत लिहिल्या.

मग कामाला लागले, आणि पहिली चूक केली. शाळेच्या मोठ्या खोलीत उभी राहून म्हणाले, “ज्या ज्या बायका गरोदर आहेत त्यांनी हात वर करा.” चार हात वर आले, तेही खांद्यापर्यंत. मी चार नावं लिहिली.

गुलाबबाय दारात पदर तोंडाला लावून हसत होती. “सिस्टर, सासरा बसलाय, दीर बसलाय, आनि तू भर बाजारात इचारतेस. कोन सांगंल गो?”

“मग कसं विचारायचं?”

“इचारायचा कशाला?”

दुपारी तिनं सुकटीची पाटी आणली, सुक्या बारीक कोळंबीची, आणि बायकांत बसून निवडायला घेतली. वास असा की भिंतीवरचा नकाशाही वळून बसला असता. वाडीच्या बायका सुकटीवर जीव टाकणाऱ्या; सगळ्या पुढे सरकल्या. तीन मात्र मागे सरल्या आणि एकीनं नाकाला पदर लावला. गुलाबबायनं माझ्याकडे बघून भुवई उडवली. बाकीच्या चौघी तिला पोटावरून आणि चालीवरून आधीच माहीत होत्या. चार, चार आणि तीन, अकरा. मागे सरलेल्या तिघींपैकी दोघींचं तर त्यांच्या नवऱ्यांनाही अजून माहीत नव्हतं.

प्रतिपदा

अकरांपैकी एकीकडेही तपासणीचं कार्ड नव्हतं. ओढ्यानं भांडी नेली तशी कार्डंही नेली, लोहाच्या गोळ्याही. तारखा कुणालाच माहीत नाहीत. “वीटभट्टी बंद झाली तवा,” असं एक सांगते, “करवंदं पिकली तवा,” असं दुसरी. मी भट्टीचा महिना आणि करवंदाचा महिना गुलाबबायला विचारून हिशेब बसवला. कामचलाऊ, पण बसला.

रक्त सगळ्यांचं कमी. ते अपेक्षितच होतं. आमच्याकडेही कमीच असतं. मला कोड्यात टाकलं ते दुसऱ्या गोष्टीनं. पाच जणींना लघवीला जळजळ, दोघींच्या अंगात ताप. गरोदरपणी हा ताप अंगावर काढला तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. मी पाणी पिण्यावर छान भाषण केलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उकळून गार केलेल्या पाण्याचा पिंप दुपारपर्यंत तसाच भरलेला.

दुपारी मला स्वतःला जायची वेळ आली. संडास शाळेच्या मागच्या टोकाला, आणि तिकडे जायचं ते लांबलचक ओट्यावरून. ओट्यावर वाडीतले आणि गावातले झाडून सगळे पुरुष बसलेले, हाताला काम नाही, नजर समोर. मी निघाले तसं बोलणं थांबलं. परत आले तोवर थांबलेलंच होतं. बावन्न वर्षांची बाई मी, बाळंतपणाच्या खोलीत आयुष्य काढलेली, मलाही पावलं मोजावीशी वाटली. या पोरी पहाटे अंधारात एकदा जाऊन येत होत्या आणि मग दिवसभर दोन घोटांवर काढत होत्या.

गुलाबबायला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभी राहिली.

“काय रं, इथं बसून पाऊस मोजताव काय?”

“मंग कुठं बसू?” एक म्हातारा म्हणाला.

“देवळात जा. तिथनंबी तेवराच दिसतो. आनि जाता जाता घरनं जुनी जाली घेऊन या, फाटलेली चालतील.”

कुरकुरत गेले. अर्ध्या तासात जुनी मासेमारीची जाळी आणि त्यांवर साड्या टाकून ओट्याच्या कडेनं आडोसा झाला. संध्याकाळपर्यंत पिंप दोनदा भरावा लागला. सव्वीस वर्षांत माझ्या भाषणानं जे कधी झालं नाही ते त्या जाळ्यांनी केलं. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा मोजायला उगाच पिंपाकडे गेले.

त्याच संध्याकाळी बुधीबाई भेटल्या. वाडीतल्या म्हाताऱ्या, उंचीनं माझ्या खांद्याला, चालणं चिमणीसारखं. शाळेच्या खेळायच्या मैदानातून पाण्याचा एक लोट वाहत होता. त्या आणि आणखी तीन बायका त्यात उतरल्या, हातांनी चिखल ओढला, गवताचे पेंढे दाबले, वर पुन्हा चिखल थापला. मी चहा संपवेपर्यंत आडवा बांध तयार. खालचं पाणी त्यांनी जेवणाच्या ताटल्यांनी उपसून टाकलं आणि उघड्या चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे वेचले. ना गळ, ना जाळं.

“हे कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“मासं खायचं तर कोन शिकवनार?” बुधीबाई म्हणाल्या आणि मूठभर मासे माझ्या हातात ठेवले. ते हलत होते. मी ओरडले नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. रात्री गुलाबबायनं चिंचेत शिजवले. शेंगदाण्याच्या चटणीशी छान लागतात.

दुज

सोमी ही बुधीबाईंची सून. वय वीसच्या आसपास, पहिलटकरीण, माझ्या हिशेबानं आठवा संपत आलेला. नवरा खडीच्या मशीनवर कामाला, पुराच्या दिवशी तिकडे अडकला तो अजून पोचला नव्हता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. हिचं माहेर म्हणजे धुऊन गेलेली दुसरी वाडी. सोमी पहिल्या चार हातांतली. दोन दिवस मी तिला ‘बरं आहे ना?’ विचारलं आणि ती दोन दिवस ‘बरं हाय’ म्हणाली. पहिल्या दिवशी तिचा रक्तदाब थोडा वर होता. प्रवासाचा, भीतीचा असेल म्हणून मी ‘पुन्हा बघणे’ असं लिहून पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी तापवाल्या दोघींत गुंतले आणि बघितलं नाही. ही माझी दुसरी चूक, आणि ती हसण्यासारखी नव्हती.

दुजेच्या दिवशी साडेबाराला ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली दिसली. चेहरा सुजलेला. बोटातली पितळी अंगठी रुतून बसलेली.

“डोकं दुखतंय?”

तिनं आधी सासू कुठे आहे ते बघितलं. “थोडा.”

“कधीपासून?”

“पानी वलांडला तवापासून.”

“डोळ्यांपुढे काही दिसतं?”

“काजवं.”

मशीन लावलं. आकडा बघून पुन्हा लावलं. लघवीची पट्टी गडद झाली. गरोदरपणातला हा रक्तदाब कधी चढेल सांगता येत नाही. एकदा चढून डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, की पुढची पायरी झटके. झटक्यात आई जाते, मूल जातं, कधी दोघंही. मी पाहिलेलं आहे.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी गोळी सांगितली, झटके येऊ नयेत म्हणूनचं इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांत द्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, “अॅम्ब्युलन्स पाठवते. तुम्ही तिला मोठ्या रस्त्यावर आणा, सिस्टर, जमेल तितक्या लवकर.”

इंजेक्शन दिलं. मग मी बाहेर येऊन बघितलं. रस्ता नव्हता.

“दुज हाय,” गुलाबबाय माझ्या मागे म्हणाली. “दीडला भरंल. साडेतीन-चारला रस्ता दिसल.”

“तीन तास थांबायचं? होडी काढा.”

होडी तिच्या दिराची होती. तो पाणी बघून आला आणि मान हलवली. “वरनं वढा लोटतोय, खालनं भरती चढतेय. मधी भोवरा हाय. होडी कलंडली तर तुमीबी जाल नि तीबी.”

माझा विश्वास बसेना. स्वतः बघते म्हणून तरातरा काठापर्यंत गेले आणि पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले. दोघांनी ओढून काढलं. एक चप्पल खाडीनं ठेवून घेतली. भोवरा मात्र मी नीट पाहिला. एक अख्खं केळीचं झाड त्यात तीनदा फिरलं आणि आडवं होऊन खाली गेलं. होडीचा विषय संपला.

परत आले तर खोलीत दुसरंच सुरू होतं. बुधीबाई कोपऱ्यात उकिडव्या बसून बडबडत होत्या. पोटुशी बाईनं वाहतं पाणी ओलांडायचं नाही, हा त्यांच्यातला नेम. पुराच्या दिवशी वाडीतल्या बाप्यांनी सोमीला खांद्यावर घेऊन ओढ्यापार आणलं होतं.

“मी तवाच बोलली, हिला बाधंल पानी. आनि आता पुना वलांडून नेताव? मंग संपलीच ती.”

आणि सोमीनं इतके दिवस डोकेदुखी का लपवली ते मला त्या क्षणी कळलं. ‘दुखतंय’ म्हटलं असतं तर सासूचं खरं झालं असतं.

“सोमी, तुला जायचंय ना?” मी विचारलं.

“पान्यातनं नाय जानार.” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “मारा नायतर सोडा.”

मला त्या नेमाचं काही कौतुक नाही, आत्ताही नाही. इतकंच म्हणेन की पूरग्रस्त बायकांत असा नेम कुणाला वेडेपणाचा वाटणार नाही. पाण्यानं त्यांचं काय केलं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी बुधीबाईंसमोर जाऊन बसले. “ओहोटीला रस्ता कोरडा होतो. कोरड्या रस्त्यावरून चालली तर ओलांडलं असं होतं का?”

त्यांनी दारातून पाण्याकडे बघितलं. “कोरडा असंल तर नाय.”

“मग कोरड्यावरूनच नेऊ.”

सोमीनं भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग ती तीन तासांची वाट. सोमीला डाव्या कुशीवर झोपवलं, खिडक्यांना साड्या लावून उजेड कमी केला, पोरांना अंगणात पिटाळलं. दर पाव तासाला रक्तदाब, श्वास, गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का ते, लघवी किती झाली ते. गोळीनं आकडा थोडा उतरला आणि तिथेच थांबला. बाळाचे ठोके ठीक होते. गुलाबबाय दर थोड्या वेळानं दारात येऊन फक्त बातमी द्यायची: “भरली.” मग, “थांबली.” मग, “फिरली गो.”

अडीचनंतर आम्ही ओट्यावरून बघू लागलो. आधी रस्त्याच्या कडेचे दगड दिसले, मग मैलाचा दगड, मग पाण्याखालून डांबराची पाठ वर आली, काळी, तुकड्यातुकड्यांनी. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. साडेतीनला पहिला खेकडा वर आला आणि मी त्याला बघून टाळी वाजवली, हे खरं आहे.

निघालो. मी पुढे, एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात गुलाबबायच्या नवऱ्याची सँडल. सोमीला खुर्चीत बसवून चौघींनी उचललं. मागे बुधीबाई, त्यांच्यामागे निम्मी वाडी. पलीकडच्या टोकाला अॅम्ब्युलन्सचा पांढरा रंग दिसत होता. निम्म्याच्या पुढे गेलो आणि थांबलो.

मोरीजवळ रस्ता खचला होता. दोन हात रुंदीची घळ पडली होती आणि तिच्यातून घोटाभर पाणी खळाळत खाडीकडे जात होतं. घोटाभरच. खुर्ची उचलून दोन ढांगांत पार झालो असतो.

“खाली ठेवा,” सोमी म्हणाली आणि खुर्चीतून उतरून उभी राहिली. हात पोटावर, पाय घट्ट रोवलेले.

मी मागे वळले. रागानं काहीतरी बोलणार होते. बुधीबाई पाण्याकडे बघत होत्या. मैदानातल्या लोटाकडेही त्यांना असंच बघताना मी पाहिलं होतं. त्यांनी लुगडं वर खोचलं.

“जने, हिरे, या गो.”

तिघी घळीत उतरल्या, त्यांच्यामागे आणखी दोघी. कडेचा चिखल ओढला, तिवरांच्या फांद्या मोडून दाबल्या, वर चिखल, पुन्हा फांद्या, पुन्हा चिखल. गुलाबबायनं डोक्यावरची चुंबळ सोडून फटीत कोंबली. मीही उतरले, मला चिखल थापता येत नाही, म्हणून मी वाहून दिला. पाणी वरच्या बाजूला तुंबायला लागलं, खालच्या बाजूचा आवाज बारीक होत गेला आणि बंद झाला. बुधीबाई बांधाला पाठ लावून बसल्या, दोन्ही हात पसरून, जसं दार धरावं.

“चल गो पोरी. झटक्यात. वाहत नाय आता.”

सोमीनं खाली बघितलं, सासूकडे बघितलं, आणि माझा हात धरून उघड्या चिखलावरून तीन पावलांत पलीकडे गेली. तिथे खुर्ची तयार होती. आम्ही अॅम्ब्युलन्सला पोचलो तेव्हा मागे बांध फुटल्याचा आवाज आला आणि बायका हसल्याचा.

दवाखाना

अॅम्ब्युलन्समध्ये झटका आला नाही. दवाखान्यात डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली चांगली. सोमीचा रक्तदाब उतरायला तीन दिवस लागले. बाळंत झालं म्हणजे धोका टळला असं समजू नये. झटके नंतरही येऊ शकतात. म्हणून पहिली रात्र मी तिथेच बसले.

शाळेत परतल्यावर उरलेल्या दहा जणींची तपासणी लावून घेतली, कारण सगळं काही माझ्या बॅगेत होत नाही. रक्त आहे, सोनोग्राफी आहे. मोरीजवळची घळ गावातल्या पुरुषांनी एव्हाना दगडमातीनं बुजवली होती. औषधांची गाडी कधी यावी आणि यांना कधी न्यायचं ते ठरवायला गुलाबबाय आणि मी फळ्यासमोर उभ्या राहिलो. ती तिथी सांगे, मी पाऊणकी करून भरती काढी आणि रस्ता कधी उघडा ते लिही. वरच्या ऑफिसातून एका साहेबांचा फोन आला.

“सिस्टर, तुम्ही रोज वेगळी वेळ कळवताय. रोज पाऊण तास पुढे. शिस्त नको का?”

“शिस्तच आहे साहेब,” मी म्हणाले. “चंद्राची आहे.”

त्यांनी फोन ठेवला. गाडी मात्र वेळेवर येत गेली.

शेवटच्या दिवशी, षष्ठीला, मी त्या दहा जणींबरोबरच निघाले. बुधीबाईही होत्या, नात बघायला. जीपच्या त्याच ड्रायव्हरला मीच म्हणाले, “चला लवकर, साडेचारला भरती आहे, यांना त्याआधी परत आणायचंय.” तो आरशातून माझ्याकडे बघतच राहिला.

वाटेत मी बुधीबाईंना विचारलं, “खरं सांगा, त्या दिवशी पाणी पूर्ण थांबलं होतं का? मला तर बांधाखालून पाझरताना दिसलं.”

“तुला दिसला आसंल,” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “मी तर पाठ लावून बसली होती.”

वॉर्डात सोमी बसून पेज पीत होती. सूज उतरली होती, अंगठी बोटात सैल फिरत होती. तिचा नवराही पोचला होता, बाळाला धरायची भीती वाटत असल्यानं लांब उभा होता. बुधीबाईंनी नातीला पायांपासून डोक्यापर्यंत तपासलं आणि ‘बरी हाय’ म्हणाल्या. एवढंच. मग सुनेसमोर बसल्या.

“डोका दुखत होता तर बोलायचा होता.”

“तुमी ओरडला असता.”

“ओरडली असती. मंग तुला दवाखान्यात नेली असती.”

मी बॅग उचलली. गाडीची वेळ होत होती. तेवढ्यात रांगेत उभ्या असलेल्या दहा जणींतली एक, सुकटीला नाक दाबणाऱ्यांपैकी, जिचं तिच्या नवऱ्यालाही दोन दिवसांपूर्वी कळलं, ती भर वॉर्डात, सगळ्यांच्या देखत, पूर्ण आवाजात म्हणाली, “सिस्टर, माजा डोका दुखतोय.”

मी बॅग खाली ठेवली. मशीन काढलं, दंडाला पट्टा बांधला. सगळ्याजणी आकड्याकडे बघत होत्या, बुधीबाई सगळ्यात जवळून. रक्तदाब ठीक होता. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिनं.

बुधीबाईंनी सोमीसाठी आणलेली भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली.